गुणवत्तेचा फळा आणि गरजेचा रेटा

आमचा एक भाचा अमेरिकेत मेरीलँड राज्यात नोकरीला आहे. दरवर्षी एप्रिल संपत आला की एका सकाळी त्याचा फोन येतो. जयंतीची मिरवणूक कशी झाली, व्याख्यानाला कोण आले होते, एवढी चौकशी आटोपली की तो मूळ विषयावर येतो. "मामा, आज ड्राफ्ट आहे. आमच्या संघाने कुणाला उचलावं, सांगा." त्याचा संघ म्हणजे बाल्टिमोर रेव्हन्स. पहिली दोन-तीन वर्षे आम्ही हो-हो करून फोन ठेवत असू. पण एकदा तो म्हणाला, "मामा, हा सगळा निवड समितीचाच खेळ आहे," आणि आमचे कान टवकारले. आमची निम्मी वकिली नोकरभरती आणि बढतीच्या वादांत गेली. गुणांकन, मुलाखतीचे राखून ठेवलेले गुण आणि शेवटी 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' हा शेरा, यांची आमची जुनी ओळख आहे. तेव्हापासून आम्ही या ड्राफ्टची माहिती गोळा करीत आलो. वाचकांना हा विषय परका वाटेल, पण थोडा धीर धरावा.

अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचे काम थोडे आणि हाताचे फार. चेंडू लंबगोल असतो. चढाईची सूत्रे ज्याच्या हाती असतात तो क्वार्टरबॅक. चेंडू कुठे, केव्हा, कुणाकडे फेकायचा हे तो ठरवतो. उजव्या हाताने फेकताना त्याला डाव्या अंगाने पाठीमागून येणारा प्रतिस्पर्धी दिसत नाही. त्या अंगाला जो धिप्पाड पहारेकरी उभा असतो त्याला लेफ्ट टॅकल म्हणतात. चेंडू काखेत धरून मुसंडी मारणारा तो रनिंग बॅक. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये असे ३२ संघ आहेत आणि महाविद्यालयातून बाहेर पडणारे खेळाडू हे संघ ड्राफ्टमध्ये वाटून घेतात.

आपल्याकडे २००८ पासून आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. तिकडे लिलाव नाही, पाळी आहे. मागच्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची. अशा सात फेऱ्या होतात. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात दुबळ्याला पहिला हक्क, हे वाचून आमच्या काही मित्रांना भलताच आनंद झाला होता. तो आम्ही थोडा कमी केला. ही पद्धत फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी सुचवली आणि पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये झाला. बेल यांचा स्वतःचा संघ सतत हरत होता. चुरस राहिली तर प्रेक्षक टिकतो हा त्यात हिशेब होता आणि एका खेळाडूच्या मागे दोन मालक लागले नाहीत तर त्याचा भाव चढत नाही, हाही होता. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ज्याचे नाव सर्वांत आधी घेतले गेले तो जे बर्वँगर या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. असो.

"पोराला न विचारता तू याच गावात, याच मालकाकडे काम करायचं असं सांगणं कायद्यात बसतं का, मामा?" असे भाच्याने एकदा विचारले. प्रश्न रास्त होता आणि त्यावर खटलाही झालेला आहे. जेम्स स्मिथ या खेळाडूला १९६८ मध्ये वॉशिंग्टन संघाने पहिल्या फेरीत निवडले. पहिल्याच हंगामात मानेला इजा झाली आणि खेळ संपला. चार मालकांशी बोलणी करण्याची मोकळीक असती तर दुखापतीची हमी करारात लिहून घेता आली असती, असा त्याचा युक्तिवाद होता. १९७६ मध्ये खालच्या न्यायालयाने आणि १९७८ मध्ये अपील न्यायालयाने तेव्हाच्या स्वरूपातील ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरवला. तरी ड्राफ्ट टिकला, कारण १९७७ च्या सामुदायिक करारात खेळाडूंच्या संघटनेने फेऱ्या कमी करून घेऊन त्याला संमती दिली होती आणि संघटनेने मान्य केलेल्या शर्तींना त्या कायद्याची झळ सहसा लागत नाही. २००४ मध्ये मॉरिस क्लॅरेट हा कोवळा खेळाडू वयाच्या अटीविरुद्ध लढला तोही याच मुद्द्यावर अपिलात हरला. तो निकाल सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला, ज्या २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ज्याने संघटनेत अजून मतही दिलेले नाही त्याच्यावर संघटनेची सही बंधनकारक, हे आमच्या मनाला आजही पटत नाही. पण कायदा तसा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ड्राफ्टच्या आधी प्रत्येक संघ शेकडो खेळाडू पाहतो आणि उत्तम ते सामान्य अशा क्रमाने त्यांची यादी लावतो. तिकडे तिला बोर्ड म्हणतात, आपण फळा म्हणू. दुसरी यादी असते गरजांची. आपली कोणती जागा रिकामी, कोण म्हातारा झाला, कुणाचा करार संपतो आहे. पाळी आली की फळ्यावरचे सर्वांत वरचे नाव घ्यायचे की रिकाम्या जागेला बसेल असे, हा वाद दरवर्षी प्रत्येक संघाच्या खोलीत होतो.

वरवर पाहता गरज ही शहाणपणाची बाजू वाटते. घरात तांदूळ नसताना कोणी साखर आणत नाही. पण गरज नुसती निवड करून थांबत नाही. ती गुपचूप फळ्यावरही लिहू लागते. रनिंग बॅक हवा आहे असे एकदा मनाने घेतले की मध्यम रनिंग बॅकचा वेग जास्त दिसू लागतो आणि त्याच्या वर्तनाचे डाग फिके होतात. आधी नाव ठरते आणि मग रकान्यात गुण भरले जातात. आम्ही अशा गुणपत्रिका कोर्टात पाहिल्या आहेत. त्यांतली खाडाखोड फार बोलकी असते.

बाल्टिमोरची गोष्ट येथून सुरू होते. १९९६ मध्ये आर्ट मोडेल या मालकाने आपला संघ क्लीव्हलँडहून बाल्टिमोरला आणला. संघाला नवे नाव मिळून काही आठवडेच झाले होते आणि ड्राफ्ट तोंडावर आला. निवडीची जबाबदारी होती ओझी न्यूसम यांच्यावर. अलाबामा राज्यात जन्मलेला हा कृष्णवर्णीय माणूस, क्लीव्हलँडचा जुना नामवंत खेळाडू. संघाची पाळी चौथी होती. मोडेल यांना हवा होता लॉरेन्स फिलिप्स. संघाला रनिंग बॅकची निकड होती आणि नव्या गावात तिकिटे खपवायला असा खेळाडू उपयोगीही पडतो. न्यूसम यांच्या फळ्यावर वरचे नाव होते जोनाथन ऑग्डन, लेफ्ट टॅकल. गंमत अशी की संघाकडे लेफ्ट टॅकल होता. टोनी जोन्स त्या जागेवर चांगला खेळत होता. न्यूसम यांनी फळा बदलला नाही. मोडेल यांनी त्यांचे ऐकले, याचे श्रेय मोडेल यांनाही दिले पाहिजे. मालकाने आपल्याच नोकराचे ऐकून गप्प बसणे ही सोपी गोष्ट नव्हे.

ऑग्डन पहिले वर्ष शेजारच्या जागेवर, गार्ड म्हणून खेळला. १९९७ मध्ये जोन्स डेन्व्हरला गेला आणि ऑग्डन आपल्या जागेवर आला. १२ हंगाम तो बाल्टिमोरसाठीच खेळला आणि २०१३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. १९९६ च्या त्याच पहिल्या फेरीत २६ व्या पाळीला न्यूसम यांनी रे लुईसला घेतले. तोही २०१८ मध्ये तेथे पोचला. एका संघाने एकाच संध्याकाळी असे दोन खेळाडू उचलावेत ही दुर्मिळ बाब आहे.

फिलिप्सचे काय झाले? सेंट लुईस संघाने त्याला सहाव्या पाळीला घेतले. महाविद्यालयात असताना मैत्रिणीला बेदम मारहाण केल्याचे प्रकरण त्याच्या नावावर होते आणि ते सर्वांना माहीत होते. त्याच्यासाठी जागा करायला सेंट लुईसने आपला रनिंग बॅक जेरोम बेटिस त्याच दिवशी पिट्सबर्गला देऊन टाकला. बेटिसने कारकिर्दीत १३ हजारांहून अधिक यार्ड काढले आणि तोही हॉल ऑफ फेममध्ये आहे. फिलिप्सला सेंट लुईसने १९९७ मध्येच काढून टाकले. २०१६ मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात मरण पावला. त्याच्या दुःखाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. हे सर्व कागदावर असताना ते वाचले गेले नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आणि बाल्टिमोरची रनिंग बॅकची गरज? ती चार वर्षे थांबली. १९९९ मध्ये अटलांटा संघाला दुसऱ्या फेरीत एक खेळाडू तातडीने हवा होता. त्या एका पाळीसाठी त्यांनी पुढच्या वर्षीची आपली पहिली फेरी बाल्टिमोरला देऊन टाकली. अटलांटा नुकताच सुपर बाउल खेळून आला होता, तेव्हा पुढच्या वर्षी आपली पाळी शेवटी-शेवटीच येणार असे त्यांना वाटले असावे. तो हंगाम त्यांना वाईट गेला आणि ती पाळी निघाली पाचवी. तिच्यावर न्यूसम यांनी जमाल लुईस हा रनिंग बॅक घेतला. पहिल्याच हंगामात त्याने १३०० हून अधिक यार्ड काढले आणि जानेवारी २००१ मध्ये बाल्टिमोरने न्यूयॉर्क जायंट्सला ३४-७ असे हरवून सुपर बाउल जिंकला.

येथवर वाचून न्यूसम यांचे कधी चुकलेच नाही असा समज होईल. तसे नाही, आणि त्यांची चूक त्यांच्या यशाइतकीच बोलकी आहे. २००२ अखेरीस ते जनरल मॅनेजर झाले. लीगच्या इतिहासात त्या पदावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. २००३ मध्ये संघाला क्वार्टरबॅक हवाच होता. दहाव्या पाळीवरून सातव्यावर चढून बायरन लेफ्टविचला घ्यायचे, असा सौदा मिनेसोटाशी होत आला होता. पण तो वेळेत नोंदला गेला नाही आणि जॅक्सनव्हिलने लेफ्टविचला उचलले. मग दहाव्या पाळीला बाल्टिमोरने फळ्यानुसार टेरेल सग्ज हा बचावपटू घेतला, जो पुढे अनेक वर्षे संघाचा आधार ठरला. थांबले असते तर तो दिवस सोन्याचा झाला असता. परंतु गरज स्वस्थ बसू देईना. त्या वर्षीची दुसरी फेरी आणि पुढच्या वर्षीची पहिली फेरी न्यू इंग्लंडला देऊन त्यांनी १९ वी पाळी मिळवली आणि काइल बोलर हा क्वार्टरबॅक घेतला. बोलर चालला नाही. २००८ मध्ये पुन्हा पहिल्या फेरीत जो फ्लॅको शोधावा लागला. न्यू इंग्लंडने मात्र मिळालेल्या पाळीवर विन्स विल्फोर्क हा भक्कम बचावपटू घेतला.

एकाच दिवशी, एकाच खोलीत, त्याच माणसांनी एक निवड फळा पाहून केली आणि दुसरी गरज पाहून. यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठे मिळणार?

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी या ड्राफ्टचा हिशेब मांडला आहे. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी पाहिले की एका जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याचे प्रमाण सुमारे ५२ टक्के आहे. म्हणजे नाणे उडवण्याहून जेमतेम बरे! एवढे हेर, एवढी मोजमापे, आणि हाती काय, तर ५२. त्यामुळे एका नावासाठी तीन पाळ्या देणारा संघ बहुधा स्वतःच्या अकलेवर जास्त विश्वास ठेवीत असतो. बाल्टिमोरने साधारणपणे उलटा रस्ता धरला. खाली उतरून जास्त पाळ्या घ्यायच्या आणि जुने खेळाडू मुक्त होऊन दुसरीकडे गेले तर लीग भरपाईची जी पाळी देते ती पदरात पाडून घ्यायची.

आता जो मुद्दा आम्हाला खरा महत्त्वाचा वाटतो तो सांगतो. फळा विरुद्ध गरज एवढाच वाद असता तर 'नेहमी फळ्याप्रमाणे चला' असे सांगून आम्ही मोकळे झालो असतो. पण फळा कोण लिहितो?

१९७८ चा ड्राफ्ट घ्या. वॉशिंग्टन विद्यापीठाचा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक वॉरन मून त्याच वर्षी जानेवारीत रोझ बाउल सामन्याचा मानकरी ठरला होता. त्याच्याविषयी बोलणे काय, तर जागा बदल, तुझ्यासारख्याने दुसरीकडे खेळावे. क्वार्टरबॅकला डोके लागते, नेतृत्व लागते, आणि ते गोऱ्याकडेच असते, हा तेव्हाचा न लिहिलेला नियम. मून वाकला नाही. ड्राफ्टच्या आधीच त्याने कॅनडातील एडमंटन संघाशी करार केला. त्या ड्राफ्टमध्ये १२ फेऱ्या झाल्या आणि तीनशेहून अधिक नावे पुकारली गेली. पुढेमागे परत आला तर हक्क असावा म्हणून शेवटच्या फेरीतसुद्धा कोणी त्याचे नाव घेतले नाही. एडमंटनने त्याच्यासह लागोपाठ पाच वेळा ग्रे कप जिंकला. १९८४ मध्ये तो ह्यूस्टनला आला, कारण एडमंटनचे त्याचे प्रशिक्षक ह्यू कॅम्पबेल तोवर ह्यूस्टनचे प्रशिक्षक झाले होते. ज्याने त्याला डोळ्यांनी पाहिले होते तो माणूस टेबलापाशी बसल्यावर दार उघडले. २००६ मध्ये मून हॉल ऑफ फेममध्ये गेला, तिथे पोचलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

त्याच ड्राफ्टमध्ये १७ व्या पाळीला टँपा बे संघाने डग विल्यम्स हा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक घेतला, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर आमच्यावर एकतर्फी बाजू मांडल्याचा ठपका येईल. पण तो घेतला कसा गेला? टँपाचे तरुण सहाय्यक प्रशिक्षक जो गिब्स लुइझियानातील ग्रॅम्बलिंग या काळ्यांच्या महाविद्यालयात स्वतः गेले, त्याला पाहिले आणि अनुकूल अहवाल दिला. जानेवारी १९८८ मध्ये गिब्स वॉशिंग्टनचे मुख्य प्रशिक्षक असताना विल्यम्सने त्या संघाला सुपर बाउल जिंकून दिला. असे करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

आणि त्याच १९७८ च्या ड्राफ्टमध्ये २३ व्या पाळीला क्लीव्हलँडने घेतलेला खेळाडू म्हणजे ओझी न्यूसम! त्यांनाही जागा बदलायला सांगितले गेले होते. वाइड रिसीव्हर म्हणजे दूरवर धावून चेंडू झेलणारा. तिथून ते टाइट एंड झाले, म्हणजे अडवायचे आणि झेलायचे अशी दोन्ही कामे करणारे. त्यांच्या बाबतीत तो सल्ला लाभला. म्हणूनच आम्ही म्हणतो की जागा बदलण्याचा सल्ला प्रत्येक वेळी अपमान नसतो. तो शरीर पाहून दिला की कातडी पाहून, एवढे तपासायचे असते.

बरोबर ४० वर्षांनी, २०१८ मध्ये, न्यूसम यांचा जनरल मॅनेजर म्हणून शेवटचा ड्राफ्ट होता. लुईव्हिल विद्यापीठाचा लामार जॅक्सन, २०१६ च्या हाइजमन पुरस्काराचा मानकरी, याच्याविषयी पुन्हा तेच सुरू झाले होते. बिल पोलियन हे नामवंत निवडकर्ते, स्वतः हॉल ऑफ फेममधले. त्यांनीही त्याने रिसीव्हर व्हावे असे जाहीरपणे सांगितले. आपले चुकले हे त्यांनी २०१९ मध्ये कबूल केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. जॅक्सनने रिसीव्हरची चाचणी द्यायला नकार दिला. इंडियानापोलिसला दरवर्षी भरणाऱ्या शिबिरात उंची, वजन, पंजाची लांबी आणि ४० यार्डांची धाव मोजतात. या मोजमापाची गुलामांच्या बाजाराशी तुलना काही कृष्णवर्णीय टीकाकारांनी केलेली आहे. जॅक्सन तिथे ती धाव धावलाच नाही. त्याचा वेग सर्वांना ठाऊक होता. त्याला फेक मोजून हवी होती.

त्या रात्री बाल्टिमोरची पाळी १६ वी होती. ते २२ वर उतरले, मग २५ वर. २५ व्या पाळीला त्यांनी हेडन हर्स्ट हा टाइट एंड घेतला. ती गरज होती. तोवर चार क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या पाळीला, चौघेही गोरे. जॅक्सन बसून होता. बाल्टिमोरकडे फ्लॅको होता, २०१३ च्या सुपर बाउलचा मानकरी. क्वार्टरबॅकची तातडीची गरज नव्हती. तरी न्यूसम यांनी फिलाडेल्फियाशी सौदा करून पहिल्या फेरीची शेवटची, ३२ वी पाळी घेतली आणि जॅक्सनचे नाव पाठवले. एका पाळीने काय बिघडले असते, असे कोणी विचारील. येथे वकिली नजर लागते. पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूच्या करारात पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती राहतो, दुसऱ्या फेरीत राहत नाही. क्वार्टरबॅकच्या बाबतीत त्या एका वर्षाची किंमत फार मोठी असते.

नोव्हेंबरमध्ये फ्लॅको जखमी झाला, जॅक्सन मैदानात आला आणि सातपैकी सहा सामने जिंकून संघ बाद फेरीत गेला. २०१९ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, एकमताने. २०२३ मध्ये पुन्हा. गरज म्हणून घेतलेला हर्स्ट २०२० मध्ये अटलांटाला देऊन टाकला गेला. त्याच ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत, ८६ व्या पाळीला, आणखी एक टाइट एंड घेतला होता, मार्क अँड्र्यूज. जॅक्सनच्या फेकींचा सर्वांत भरवशाचा झेलणारा तोच झाला.

फळ्याची बाजू घेताना एक सवलत आम्ही गरजेला देतो. दोन नावे खरोखर समान असतील तर ज्याची जागा रिकामी आहे तो घ्यावा. पण ती समानता आधी कागदावर लिहून, सह्या करून ठेवावी. पाळी आल्यावर सुचलेली समानता आम्हाला मान्य नाही.

टेबलापाशी कोण बसतो याची जाणीव लीगलाही उशिरा का होईना झाली. २००३ च्या रूनी नियमाने मुख्य प्रशिक्षकपदासाठी अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेणे बंधनकारक केले. २०२० मध्ये पुढचे पाऊल पडले. ज्या संघाने घडवलेला अल्पसंख्य माणूस दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक किंवा जनरल मॅनेजर होईल त्या संघाला तिसऱ्या फेरीच्या भरपाईच्या पाळ्या मिळू लागल्या. २०२१ मध्ये डेव्हिड कली ह्यूस्टनला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले तेव्हा अशा पाळ्या बाल्टिमोरला मिळाल्या. न्याय करण्यासाठी बक्षीस लावावे लागते हे पाहून आम्हाला हसावे की रडावे कळत नाही. ह्यूस्टनने कली यांना एकाच हंगामानंतर काढले, तेही येथे नोंदवून ठेवतो.

भाच्याला हे सगळे फोनवर ऐकवले तेव्हा तो थोडा गप्प झाला आणि मग म्हणाला, "ते खरं, मामा. पण जॅक्सनला घेतल्यानंतर २०२४ च्या हंगामापर्यंत आम्ही एकदाही सुपर बाउलला पोचलो नाही, त्याचं काय?" आम्ही त्याला सांगितले की ते ३२ व्या पाळीचे अपयश नव्हे, तिच्यानंतर केलेल्या निवडी एकेक काढून बघ, आणि प्रत्येकीपुढे लिही, फळा की गरज. यादी पाठवतो म्हणाला आहे.